मोटारीच्या पेट्रोलाची काटकसर

खानदेशांत मोटार ही आतां केवळ चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. केळीच्या बागेवर मजूर पोंचविणें, फवारणीचीं औषधें व ठिबकाच्या नळ्या आणणें, जळगांवच्या बाजार-आवारांत जाऊन भाव पाहून येणें, दुखणाईतास धुळ्याच्या दवाखान्यांत नेणें, हीं सारीं कामें तिच्यावांचून अडतात. परंतु बैल आणि मोटार यांच्या खर्चांत एक मोठा भेद आहे. बैल घरचा कडबा खातो आणि शेणाच्या रूपानें त्यांतला कांहीं भाग शेतास परत देतो. मोटार जें खाते तें सर्व रोख पैशांचें. कापूस, केळी, मका यांच्या भावांत तेजीमंदी कशीही होवो, पंपावरचा आंकडा आपणांस विचारून ठरत नाहीं. म्हणून ज्या काळजीनें आपण खताचें पोतें मोजून घेतों, त्याच काळजीनें पेट्रोलाचा लिटर मोजण्याची वेळ आलेली आहे.

त्यांतच अलीकडे एक नवी तक्रार ऐकूं येते. चोपडें, यावल, शिरपूर, अंमळनेर, कोठल्याही पारावर बसा, "गाडी पूर्वीइतकी धांवत नाहीं" असें म्हणणारा कोणी तरी भेटतोच. पेट्रोलांत पांचवा हिस्सा मद्यार्क, म्हणजे ज्यास आज इथेनॉल म्हणतात तो, मिसळला जातो, हें त्याचें कारण सांगण्यांत येतें. हा मद्यार्क उसाच्या रसापासून व मळीपासून, तुटक्या तांदळापासून आणि आतां फार मोठ्या प्रमाणावर मक्यापासून तयार होतो. आणि मका हें तर आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील खरीप व रब्बी हंगामांचें एक मोठें पीक आहे. म्हणजे ज्या शेतकऱ्याची मोटार कमी धांवते, त्याच्याच मक्यास त्या मोटारीच्या टाकींत नवें गिऱ्हाईक मिळालें आहे. या व्यवहारांत तोटा किती, नफा कोणाचा, आणि त्यांतलें कितीसें आपल्या हातचें आहे, याचा हिशेब रागलोभ बाजूस ठेवून मांडावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम पेट्रोल जातें कोठें तें पाहूं. ज्यांनीं मोटेचें पाणी पाहिलें आहे त्यांस हें समजण्यास अडचण पडणार नाहीं. विहिरींतून मोट भरून निघते, वर येईपर्यंत बरेंच पाणी गळतें, थारोळ्यांत कांहीं सांडतें, पाटांत कांहीं मुरतें, आणि शेवटीं वाफ्यास जें पोंचतें तेंच पिकाच्या उपयोगीं पडतें. मोटारीचें तसेंच आहे. सिलिंडरांत पेट्रोलाची वाफ व हवा यांचें मिश्रण जळतें, तापलेला वायु फुगून दट्ट्यास खालीं ढकलतो, आणि त्या ढकलण्यांतून चाक फिरतें. पण जळण्यांतून निघालेल्या उष्णतेपैकीं मोठा भाग धुराड्यावाटे बाहेर जातो, दुसरा मोठा भाग रेडिएटरांतील पाणी घेऊन जातें, कांहीं भाग इंजिनाच्या अंतर्गत घर्षणांत खर्च होतो. चाकापर्यंत साधारणतः पंचमांश ते चतुर्थांश एवढीच शक्ति पोंचते. रुपयाचें पेट्रोल घातलें तर बारा-तेरा आणे नुसतें वातावरण तापविण्यांत गेले, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ही गळती कांहींशी निसर्गनियमानेंच ठरलेली आहे. ती अजिबात थांबविणें कोणासही शक्य नाहीं. ती कमी करण्याचा मुख्य उपाय मात्र फार पूर्वींच सांपडलेला आहे. जर्मनींत निकोलाउस ओटो यानें सन १८७६ मध्यें चार फेऱ्यांचें इंजिन चालवून दाखविलें. त्यांतील युक्ति अशी कीं, मिश्रण पेटविण्यापूर्वीं तें दट्ट्यानें दाबून लहान जागेंत कोंडावें. जितकें अधिक दाबावें तितकें जळल्यानंतर तें अधिक फुगतें आणि तितकी त्याची उष्णता कामाच्या रूपानें अधिक हातीं लागते. शास्त्रीय हिशेबानें, घर्षणादि सर्व तोटे वगळले तर, चौपट दाबलेल्या मिश्रणाच्या उष्णतेपैकीं शेंकडा ४३ भाग काम करूं शकतो, सातपट दाबलें तर शेंकडा ५४, आणि दहापट दाबलें तर शेंकडा ६०. प्रत्यक्षांत याच्या निम्म्याच्या आसपास पदरांत पडतें. पण प्रमाण तेंच राहतें. फोर्डची जुनी टी-मोटार सुमारें चौपट दाब घेई. आपल्याकडे ज्या पेट्रोलवरच्या जुन्या जीपगाड्या अद्याप कोठें कोठें दिसतात त्यांचा दाब सातपटीच्या आसपास असतो. आणि हल्लींच्या साध्या मोटारींत दहा-अकरापट दाब असतो. गेल्या शंभर वर्षांत मोटारीचें इंजिन सुधारलें म्हणजे काय झालें, याचें अर्धें उत्तर एवढ्यांतच आहे.

मग वीसपट कां दाबीत नाहींत, असा प्रश्न कोणीही विचारील. कारण असें कीं, पेट्रोलाचें मिश्रण फार दाबलें तर तें तापून ठिणगीची वाट न पाहतां आपोआप भडकतें. इंजिनांतून खडखड आवाज येतो, आणि दट्ट्यास इजा होते. हें भडकणें टाळण्याची इंधनाची जी शक्ति तिला ऑक्टेन हा आंकडा दिलेला आहे. ती वाढविण्यासाठीं पूर्वीं पेट्रोलांत शिशाचें एक विषारी संयुग घालीत; अमेरिकेंत १९२१ सालीं त्याचा शोध लागला, आणि आपल्या देशांत तें २००० सालीं कायमचें बंद झालें. मद्यार्काची ही सहनशक्ति मुळांतच पेट्रोलाहून पुष्कळ अधिक आहे. आपल्याकडील साध्या पेट्रोलाचा ऑक्टेन ९१ धरला तर मद्यार्काचा १०८ च्या सुमारास जातो. शिवाय मद्यार्काची वाफ होतांना तो आजूबाजूची उष्णता अधिक शोषून घेतो, म्हणजे मडक्यांतील पाण्याप्रमाणें सिलिंडरांतील हवा थंड करतो. तेव्हां मद्यार्क हें इंजिनास वाईट इंधन आहे, ही समजूत सरसकट खरी नाहीं. योग्य इंजिनांत तें फार चांगलें इंधन आहे.

परंतु त्याचा एक दोष असा आहे कीं, तो कोणत्याही युक्तीनें झांकत नाहीं. मद्यार्काच्या पोटांत प्राणवायु आधींच असतो. अर्धवट जळालेल्या लांकडाप्रमाणें त्याची उष्णता कमी असते. एक लिटर पेट्रोलांत सुमारें ३२ मेगाज्यूल उष्णता असेल तर एक लिटर मद्यार्कांत २१ च्या आसपास. आतां चार हिस्से पेट्रोल व एक हिस्सा मद्यार्क यांचें मिश्रण करा. लिटरांतील उष्णता ३० च्याही किंचित् खालीं येते, म्हणजे शेंकडा सात कमी. ज्या इंजिनाची रचना निव्वळ पेट्रोलासाठीं झालेली आहे, तें मद्यार्काच्या वाढीव ऑक्टेनाचा फायदा घेऊं शकत नाहीं. त्याच्या वांट्यास फक्त ही तूट येते. भारत सरकारच्या नीति आयोगानें २०२१ सालीं या विषयावर जो आराखडा प्रसिद्ध केला, त्यांतही हाच हिशेब आहे. निव्वळ पेट्रोलासाठीं बांधलेल्या व शेंकडा दहा मिश्रणाशीं जुळवून घेतलेल्या चारचाकी मोटारींत शेंकडा ६ ते ७, तशाच दुचाकींत ३ ते ४, आणि नव्या मिश्रणासाठीं जुळविलेल्या मोटारींत अवघी १ ते २ घट येईल असें त्यांत म्हटलें आहे. नव्या मोटारीची घट कमी कां, तर तिच्यांतील दाब व ठिणगीची वेळ मद्यार्काच्या गुणास अनुसरून ठेवतां येते. पारावरची तक्रार म्हणून खरी आहे. पण प्रत्येक मोटारीच्या बाबतींत सारखी खरी नाहीं.

हा प्रयोग कोणी एकाएकीं आपल्या माथीं मारला, असें मानणेंही बरोबर होणार नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल मिळेनासें झालें तेव्हां मोटारीच्या पाठीमागें कोळशाची भट्टी बांधून तिच्या वायूवर गाड्या चालविण्यांत आल्या. १९४८ सालीं तर पेट्रोलांत मद्यार्क मिसळण्याविषयीं स्वतंत्र कायदाच झाला. तो बावन्न वर्षें कागदावर राहून २००० सालीं रद्द झाला. आणि गंमत अशी कीं, पुढच्याच वर्षीं, म्हणजे २००१ सालीं, सरकारनें शेंकडा पांच मिश्रणाचे जे पहिले प्रयोग केले त्यांतला एक आमच्या शेजारीं मनमाडास झाला. दुसरें ठिकाण मिरज, आणि तिसरें उत्तर प्रदेशांत बरेलीकडे. २००३ सालीं हें मिश्रण कांहीं राज्यांत सुरू झालें, मद्यार्काच्या टंचाईमुळें अनेक वर्षें रखडलें, जून २०२२ मध्यें शेंकडा दहापर्यंत गेलें आणि २०२५ सालीं शेंकडा वीसपर्यंत पोंचलें. पहिल्या वीस वर्षांत जी मजल झाली नाहीं ती शेवटच्या तीन वर्षांत झाली. तक्रारीचें मूळ माझ्या मतें या घाईंत आहे. मोटार पंधरा-वीस वर्षें टिकते. तिच्या मालकास इंधन बदलल्याचें कळण्यापूर्वींच तें बदललें. जुन्या मोटारींसाठीं शेंकडा दहाचें मिश्रण पंपावर वेगळ्या नळीनें मिळत राहावें, अशी सूचना त्या आराखड्यांतच होती. ती अंमलांत आली असती तर पुष्कळसा असंतोष टळला असता.

आतां हिशेब. समजा, एक मोटार निव्वळ पेट्रोलावर लिटरास १५ किलोमीटर जात होती आणि तिची वर्षाची मजल १०,००० किलोमीटर आहे. तिला ६६७ लिटर लागत. शेंकडा सहा घट आली म्हणजे ती १४.१ जाईल आणि ७०९ लिटर लागतील. सोयीसाठीं लिटरास शंभर रुपये धरले तर वर्षास ४,२०० रुपयांचा भुर्दंड झाला. नव्या मोटारीस शेंकडा दोन घट धरली तर हाच आंकडा सुमारें १,३०० रुपयांवर राहतो. दुसरी बाजू मक्याची. एक क्विंटल मक्यापासून सुमारें ३८ लिटर मद्यार्क मिळतो. वरील मोटारीच्या ७०९ लिटरांत १४२ लिटर मद्यार्क असणार. तो सर्व मक्याचा असें धरलें तर ही मोटार वर्षाकाठीं पावणेचार क्विंटल मका खाते! बैलाच्या खुराकाशीं ज्यास तुलना करावयाची असेल त्यानें खुशाल करावी.

म्हणजे ज्याच्या घरीं जुनी मोटार आहे आणि जो पन्नास क्विंटल मका विकतो, त्याचा भुर्दंड भरून निघण्यास या नव्या मागणीमुळें क्विंटलमागें ८४ रुपये भाव अधिक मिळावयास पाहिजे. मध्यंतरीं तसा तो मिळालाही. डिसेंबर २०२३ मध्यें उसाच्या रसापासून मद्यार्क काढण्यावर बंधनें आलीं, कारखाने मक्याकडे वळले, आणि मक्याच्या मद्यार्कास तेल कंपन्यांनीं लिटरास ७१ रुपये ८६ पैसे असा सर्वांत चढा दर दिला. पण मागणी वाढली तसा पेराही वाढला. २०२५-२६ च्या हंगामास सरकारनें २,४०० रुपये आधारभूत किंमत जाहीर केली असतां अनेक बाजारांत मका तिच्या पुष्कळ खालीं विकला गेला. शिवाय नवापूरच्या कोंबडीपाळांस किंवा ज्याच्या दावणीला दुभतीं जनावरें आहेत त्यास मका महागला तर तें नुकसानच. आणि ज्या कोरडवाहू कापूस-शेतकऱ्याकडे मका नाहीं, फक्त एक जुनी दुचाकी आहे, त्याच्या वांट्यास या साऱ्या व्यवहारांतून केवळ वजाबाकी येते. हें स्पष्ट सांगितलें पाहिजे. सर्व शेतकऱ्यांचें हित यांत सारखें आहे असें जें भाषणांतून सांगण्यांत येतें तें खरें नव्हे.

इंधन काय असावें हें आपल्या हातीं नाहीं. मोटार कशी ठेवावी व कशी हांकावी हें आहे. आणि येथें आनंदाची गोष्ट ही कीं, इंधनाच्या बदलानें जें शेंकडा सहा गेलें त्याहून अधिक आपण निष्काळजीपणानें रोज घालवीत असतों.

मी स्वतः एक जुनी पेट्रोल जीप बाळगून आहें. तिच्याविषयींच्या प्रेमापोटीं कांहीं वर्षांपूर्वीं एका यात्रेंत मीं लोहचुंबकाची एक जोडी विकत घेतली. इंधनाच्या नळीवर ती बसविली कीं पेट्रोलाचे कण सुटे होऊन मजल पाव हिश्शानें वाढते, असें विकणारा मोठ्या आत्मविश्वासानें सांगत होता. बसविल्यावर आठ दिवस मला खरोखरच फरक वाटला! पुढें पुतण्यानें वही घातली आणि टाकी तोंडोतोंड भरून, पुन्हां तोंडोतोंड भरेपर्यंतची मजल मांडावयास सुरुवात केली, तेव्हां चुंबकासह व चुंबकाविना आंकडा एकच निघाला. "नाना, चुंबकानें पेट्रोल नाहीं ओढलें, पैसे ओढले," एवढेंच तो म्हणाला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्यानें अशा शंभरांवर युक्त्यांची परीक्षा केली असून कांहीं उपयोग दिसला अशा त्यांत फारच थोड्या निघाल्या, हें मला मागाहून समजलें. टाकींत टाकावयाच्या गोळ्या, हवेच्या नळींत बसवावयाचे पंखे, हीं त्याच जातीचीं. वही मात्र खरी. एका भरण्यावर विश्वास ठेवूं नये; पांच-सहा भरण्यांची सरासरी घ्यावी, शक्य तों एकाच पंपावर व गाडी सपाट जागीं उभी करून भरावें. ज्याच्याजवळ वही नाहीं त्याला आपली मोटार कमी धांवते कीं नाहीं हें खरें म्हणजे माहीतच नसतें.

आमच्या भागांतील एक खोड येथें विस्तारानें सांगतों, कारण तिचा उल्लेख कोणी करीत नाहीं. रेडिएटराकडे जाणाऱ्या पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट नांवाची एक लहान झडप असते. इंजिन थंड असेपर्यंत ती मिटलेली राहते; पाणी सुमारें ऐंशी-नव्वद अंशांपर्यंत तापलें कीं ती उघडते आणि पाणी रेडिएटरांत फिरूं लागतें. भुसावळ-जळगांवकडे वैशाखांत पारा पंचेचाळिसावर जातो. गाडी तापली कीं मिस्त्री पहिलें काम काय करतो, तर ही झडप काढून फेंकून देतो. गाडी तापण्याचें खरें कारण बहुधा रेडिएटरांत सांठलेला क्षार, सैल झालेला पट्टा किंवा पंख्याचा बिघाड असतो. पण झडप काढल्यानें पाणी सतत फिरतें आणि तात्पुरतें काम भागतें. मालक खूष होऊन जातो. ती झडप मग कधींच परत बसत नाहीं. उन्हाळा संपतो, पाऊस जातो, आणि पौषांत धुळ्याकडे पहाटे पारा आठ-दहा अंशांवर, कधीं त्याच्याही खालीं उतरतो. अशा थंडींत झडपेविना इंजिन कोस दोन कोस जाऊनही पुरतें तापत नाहीं. थंड इंजिनांत पेट्रोलाची वाफ नीट होत नाहीं, म्हणून अधिक पेट्रोल सोडावें लागतें. तेल घट्ट राहतें, म्हणून घर्षण वाढतें. आणि न जळलेलें पेट्रोल सिलिंडराच्या भिंतीवरून खालीं उतरून तेल पातळ करतें. मद्यार्क तर वाफ होण्यास अधिकच उष्णता मागतो, म्हणून हल्लींच्या मिश्रणावर ही झडप पूर्वींपेक्षांही अधिक गरजेची झाली आहे. थोडक्या पैशांची ही वस्तु. तिच्यावांचून वर्षाचे आठ महिने इंजिन उपाशी बैलासारखें चालतें. गाडी तापत असेल तर रेडिएटर साफ करवावा आणि झडप जागेवर आहे कीं नाहीं हें मिस्त्रीस विचारावें.

टायरांविषयींही अशीच एक उलटी समजूत आहे. उन्हानें टायर फुटेल या भीतीनें पुष्कळजण उन्हाळ्यांत हवा कमी ठेवतात. कमी हवेचा टायर रस्त्यावर अधिक दबतो, दर फेऱ्यास अधिक मुरडतो, त्यामुळें अधिक तापतो आणि फुटण्याचा संभव उलट वाढतो. पेट्रोल जातें तें वेगळें. कारखान्यानें दाराच्या चौकटीवर जो आंकडा लिहिलेला असतो तेवढी हवा, सकाळीं टायर थंड असतांना, भरावी.

काळ्या मातीची धूळ हा आमच्या रस्त्यांचा स्थायी गुण. हवा गाळणारी जाळी तुंबली तर जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीस हवा कमी पडून पेट्रोल जास्त जळतें. ज्या नव्या गाड्यांत पेट्रोलाची मोजणी विद्युत्-यंत्रणेनें होते, त्यांत ती यंत्रणा हवा कमी झाली तर पेट्रोलही कमी सोडते. म्हणून मजल फारशी घटत नाहीं, जोर मात्र घटतो. अमेरिकेंतील ओक रिज येथील प्रयोगशाळेनें हें प्रयोगानें दाखविलेलें आहे. तरीही जाळी नव्या गाडींतही स्वच्छ ठेवावीच. फाटलेल्या जाळींतून शिरलेली धूळ सिलिंडरास सहाणेसारखी घासते.

वेगाची गोष्ट मात्र सर्वांस लागू आहे. धुळ्याहून पारोळा-एरंडोलावरून जळगांवास जाणारा राष्ट्रीय महामार्ग, पूर्वींचा क्रमांक ६ व आतांचा ५३, बऱ्याच भागांत रुंद झाल्यापासून ताशीं साठाच्या जागीं नव्वदाची चाल सहज होते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गानें वाढतो. साठाहून नव्वदावर गेलें कीं तो सव्वादोनपट होतो. टपावर केळीचे खांब, पाइप किंवा सायकल बांधून त्याच वेगानें जाणाऱ्यास तर वारा ओढण्याचेंच भाडें भरावें लागतें. धुळें ते जळगांव नव्वद-एक किलोमीटरांच्या वाटेंत या घाईनें जेमतेम अर्धा तास वांचतो. तो कोणाच्या कामी किती येतो हें ज्याचें त्यानें पाहावें.

घाटाविषयीं दोन शब्द. चाळीसगांवाहून कन्नडकडे जाणारा औट्रम घाट, धुळ्याच्या दक्षिणेचा लळिंग घाट, किंवा शिरपूरच्या पुढें पळासनेरचा चढ, यांवरून उतरतांना गियर सुटा करून गाडी सोडून देण्याची कित्येक हांकणाऱ्यांस संवय आहे. यानें पेट्रोल वांचतें अशी त्यांची कल्पना. नव्या गाडींत गियर घातलेला ठेवून पाय उचलला तर यंत्रणा पेट्रोल संपूर्ण बंद करते, कारण चाकेंच इंजिनास फिरवितात. गियर सुटा केला तर इंजिन जिवंत ठेवण्यापुरतें पेट्रोल उलट चालूं राहतें. आणि ब्रेक तापून निकामी झाल्यानें अशा उतारावर काय होतें तें वर्तमानपत्रांत आपण वाचतोंच.

मद्यार्काच्या मिश्रणाबद्दल आणखी एक खबरदारी आहे. मद्यार्क हवेंतील ओल शोषतो. टाकींत पाणी फार सांठलें तर मद्यार्क पाण्यासह वेगळा होऊन तळाशीं बसतो, आणि गाडी सुरू होईनाशी होते. रोज धांवणाऱ्या गाडीस याचें भय नाहीं. पण पावसाळ्यांत जी गाडी महिना महिना गोठ्याशेजारीं उभी राहते, तिची टाकी अर्धी रिकामी ठेवूं नये; झांकणाचें रबर चिरलेलें असेल तर बदलावें. एप्रिल २०२३ पूर्वींच्या गाड्यांच्या नळ्या व रबरी भाग या मिश्रणासाठीं बनविलेले असतीलच असें नाहीं. ते दर वर्षीं हात लावून पाहावेत, चिकट किंवा कडक झाले असल्यास लगेच बदलावेत. पेट्रोल गळून जातें तें कोणत्याच हिशेबांत धरतां येत नाहीं, आणि आगीचें भय निराळेंच.

ज्यांस नवी मोटार घ्यावयाची आहे त्यांनीं मिश्रणासाठीं जुळविलेलें इंजिन आहे कीं नाहीं तें लेखीं विचारून घ्यावें. ज्यांची मजल वर्षास पंधरा-वीस हजारांवर आहे त्यांनीं डिझेलचाही विचार करावा. त्याच्या इंजिनांत हवा पंधरा-वीसपट दाबली जाते, म्हणून लिटरामागें मजल अधिक मिळते. रुडॉल्फ डिझेलच्या इंजिनानें १८९७ सालीं आउग्सबुर्ग येथील परीक्षेंत उष्णतेचा चौथा हिस्सा कामास लावून दाखविला होता, तेव्हांच्या वाफेच्या यंत्रांस तें स्वप्नवत् होतें. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनांत त्याचें एक लहान इंजिन भुईमुगाच्या तेलावर चाललें होतें, ही गोष्ट भुईमूग पिकविणाऱ्या आमच्या मुलुखांत फारशी कोणास ठाऊक नाहीं. पण थोड्या मजलीसाठीं महाग डिझेल मोटार घेणें म्हणजे दोन एकरांसाठीं मोठा ट्रॅक्टर घेण्यासारखें आहे.

आणि ज्यांच्याजवळ माझ्यासारखी जुनी कार्ब्युरेटरची गाडी आहे त्यांनीं निराश होऊं नये. पेट्रोलास वजनानें पावणेपंधरा पट हवा लागते, या मिश्रणास साडेतेरा पट. म्हणून जुन्या कार्ब्युरेटरांत मिश्रण पातळ पडून गाडी ओढीस कमी येते आणि तापते. जाणत्या मिस्त्रीकडून पेट्रोलाची मुख्य पितळी नळी, जिला जेट म्हणतात, एका आंकड्यानें मोठी करवावी आणि ठिणगी किंचित् अगोदर पडेल अशी लावून घ्यावी. वाढीव ऑक्टेन असल्यानें खडखड न होतां तेवढें सोसतें. माझ्या जीपमध्यें हें काम गेल्या पोळ्याच्या सुमारास झालें. थर्मोस्टॅटही परत बसविला, रबरी नळ्या बदलल्या. चढावर ती आतां पूर्वींसारखी रडत नाहीं. मजलीचा आंकडा सांगण्याचा मोह होतो. पण पुतण्याच्या वहींत अद्याप चारच भरणीं झालीं आहेत, आणि त्याचा नियम पांच-सहांचा आहे.